नकाशाची नावे आणि पायवाटेची नावे

चौथी-पाचवीतल्या मुलाला द्वीपकल्प म्हणजे काय असे विचारले, तर उत्तर तोंडपाठ येते : तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूला जमीन. त्याच मुलाला एखाद्या धरणाच्या काठावर न्या, पाण्यात लांबवर शिरलेल्या जमिनीच्या टोकावर उभे करा आणि आपण कुठे उभे आहोत ते विचारा. ‘धरणावर’ असे ते सांगेल. तिन्ही बाजूंचे पाणी त्याला दिसत असते, व्याख्याही येत असते; पण या दोहोंची एकमेकांशी ओळख झालेली नसते. मुलांबरोबर डोंगर-नद्या हिंडताना हा अनुभव मला इतक्या वेळा आला, की त्याचे मूळ मुलाच्या समजुतीत नसून आपण नावे शिकवतो त्या रीतीत आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

मराठीत जमिनीच्या आणि पाण्याच्या रूपांना असलेली नावे दोन वेगवेगळ्या जागी उभे राहून दिलेली आहेत. काही नावे उंचावरून, नकाशा पाहणाऱ्याच्या नजरेने दिलेली : द्वीपकल्प, आखात, भूशिर, संयोगभूमी, सामुद्रधुनी. काही नावे जमिनीवरून दिलेली, चालणाऱ्याने, ओझे वाहणाऱ्याने, नांगर धरणाऱ्याने, होडी वल्हवणाऱ्याने : घाट, खिंड, नाळ, पदर, लवण, सडा, मळा, डोह, खाडी. पहिल्या गटात जागेचा आकार पाहिला आहे. दुसऱ्या गटात त्या जागेशी माणसाचे काय काम पडते ते पाहिले आहे. शाळेत ही दोन्ही कुळे एकाच यादीत येतात आणि सगळ्यांना आकाराची एकच फूटपट्टी लागते. मग द्वीपकल्प पाठ होते पण दिसत नाही. आणि घाट रोज दिसतो, पण त्याची व्याख्या काही केल्या धड होत नाही.

वरून पाहिलेली नावे

आकाराच्या नावांची खूण अशी, की ती जोडीने येतात. बेट म्हणजे पाण्याने वेढलेली जमीन, तर सरोवर म्हणजे जमिनीने वेढलेले पाणी. पाण्यात शिरलेली जमीन ते द्वीपकल्प आणि जमिनीत शिरलेले पाणी ते आखात. दोन भूभागांना जोडणारी चिंचोळी जमीन ती संयोगभूमी, दोन समुद्रांना जोडणारे चिंचोळे पाणी ती सामुद्रधुनी. किनाऱ्याची रेषा एकच. तिच्या एका अंगाने पाहिले की जमिनीचे नाव मिळते, दुसऱ्या अंगाने पाहिले की पाण्याचे.

मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीत याच जोड्यांवर बेतलेले एक साधन आहे. दोन ताटे शेजारी शेजारी ठेवतात. एकात मधोमध जमीन असते, दुसऱ्यात त्याच आकाराचा मधोमध खळगा. मूल स्वतः पाणी ओतते आणि बेट व सरोवर एकदम तयार होतात. नावे तीन पायऱ्यांनी द्यायची. आधी ‘हे बेट’ असे सांगायचे, मग ‘बेट दाखव’ म्हणायचे, आणि शेवटी ‘हे काय?’ असे विचारायचे. ही तीन पायऱ्यांची रीत माँटेसरींनी एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच वैद्य एदुआर सेगँ यांच्याकडून घेतली. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी माँटेसरींचा विचार आपल्या मातीत रुजवला. ताराबाईंनी तर बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात काम करताना महागड्या साधनांऐवजी अवतीभवती मिळणाऱ्या वस्तू वापरण्याचा आग्रह धरला.

तो आग्रह इथेही सोयीचा आहे. घरातली परात, दोन ओंजळी चिकणमाती आणि तांब्याभर पाणी एवढ्यावर हा धडा होतो. परातीच्या समोरासमोरच्या कडांना मातीचे दोन गोळे दाबायचे आणि मधे मातीचीच बारीक पट्टी ठेवायची. पट्टीच्या दोन्ही बाजूंना पाणी ओतायचे. ते मातीच्या कडेकडेने सरकते, खाचेत शिरते, जिथे माती पुढे आली आहे तिथे वळसा घेते. मधली पट्टी ही संयोगभूमी. आता मुलाला बोटाने ती पट्टी कापायला सांगावे. दोन्हीकडचे पाणी एकमेकांत मिसळते आणि जिथे संयोगभूमी होती नेमक्या तिथे चिंचोळे पाणी येते. मुलाचे बोट थोडा वेळ तसेच पाण्यात राहते. ही सामुद्रधुनी का, असे त्याने विचारले तर लगेच हो म्हणू नये. सुएझची संयोगभूमी माणसांनी खणली आणि १८६९ मध्ये तिथून जहाजे जाऊ लागली. पनामाची खणली, तिथून १९१४ मध्ये. त्या दोन्हींना आपण कालवा म्हणतो. आकार तोच, पण निसर्गाने केली ती सामुद्रधुनी, माणसाने खणला तो कालवा. आकारासोबत दुसरा निकष, घडवणाऱ्याचा, असा बोटाच्या टोकावर येऊन उभा राहतो.

या गटातले बहुतेक शब्द संस्कृत घडणीचे आहेत. मराठीतून शालेय भूगोल शिकवायची वेळ आली तेव्हा ते कामाला लागले. ते अवघड वाटतात, कारण आपण ते फोडून दाखवत नाही. ‘द्वीप’ म्हणजे ज्याच्या दोन बाजूंना पाणी आहे ते. ‘कल्प’ हा शब्दाच्या शेवटी आला की ‘जवळजवळ’ असा अर्थ देतो. मृतकल्प म्हणजे मेल्यासारखा, तसे द्वीपकल्प म्हणजे बेट व्हायला थोडेसेच राहिलेले. ज्या लॅटिन शब्दावरून युरोपातल्या भाषांनी आपला शब्द घेतला, त्याची घडणही हुबेहूब अशीच आहे : जवळजवळ बेट. ‘धुनी’ म्हणजे संस्कृतात नदी, म्हणून सामुद्रधुनी ही समुद्राची नदी. पाल्कच्या सामुद्रधुनीचा नकाशा समोर ठेवून हे सांगितले, की तो लांबलचक शब्द मुलाच्या तोंडात आपोआप बसतो. भूशिर हे जमिनीचे डोके. एवढी फोड करायला एक तास पुरतो, आणि तो तास वर्षभर पाठांतराची गरज ठेवत नाही.

यात ‘बेट’ हा एक शब्द मात्र वेगळ्या कुळातला, घरचा आहे. बांबूचेही बेट असते. कोपरगावात गोदावरीच्या वळणातल्या वस्तीलाही बेट म्हणतात. म्हणजे आजूबाजूच्यांपासून तुटून उभे असलेले काहीही ते बेट, मग भोवती पाणी असो की मोकळे रान. हा अर्थ आधी सांगितला तर व्याख्या तिच्या मागून सहज येते.

पायाखालची नावे

आता दुसरे कुळ. याचा राजा ‘घाट’.

नाशिकला गोदावरीवर घाट आहे, वाईला कृष्णेवर घाट आहे. तिथे घाट म्हणजे पाण्यात उतरायच्या दगडी पायऱ्या. बोरघाट, थळघाट, कुंभार्ली, वरंधा, आंबोली हेही घाट. तिथे घाट म्हणजे देशावरून कोकणात उतरायची वाट. आकार पाहिला तर या दोहोंत काहीच सारखे नाही. काम पाहिले तर दोन्हीकडे एकच गोष्ट आहे : वरून खाली उतरायची जागा. म्हणून घाटाला पर्वताच्या यादीत बसवता येत नाही आणि दरीच्याही नाही. तो डोंगर नाही, डोंगरातून काढलेली वाट आहे.

इंग्रजांनी मात्र डोंगरालाच घाट म्हटले. किनाऱ्यावरून आत जाणाऱ्यांना जो तो घाटाची वाट सांगत असणार. त्यांनी वाटेचे नाव अख्ख्या रांगेला लावले. तेच नाव भाषांतर होऊन ‘पश्चिम घाट’ म्हणून आपल्या पुस्तकांत परत आले. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत ही रांग त्याच नावाने गेली. तिच्यातल्या ३९ स्थळांपैकी कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार महाराष्ट्रातली. नाव रूढ झाले आहे, ते बदला असे मी म्हणत नाही. पण मुलाला सह्याद्री ही रांग आणि घाट ही तिच्यातली वाट, हे आधी कळले पाहिजे. नाहीतर घाट उतरणे, घाट लागणे, घाटावरचा माणूस, घाटमाथा हे रोजचे बोलणे आणि पुस्तकातला घाट यांची सांगड त्याला कधीच घालता येणार नाही. बुलढाणा जिल्ह्यात अजूनही घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके अशीच विभागणी बोलतात. जुन्या वऱ्हाडात त्यालाच बालाघाट आणि पाइनघाट म्हणत. फारसीत बाला म्हणजे वरचे आणि पाइन म्हणजे खालचे. एका उतरणीवरून जिल्हाभरच्या माणसांची ओळख ठरते.

घाटाच्या पोटात आणखी भेद आहेत, आणि ते सगळे चालणाऱ्याच्या पायाने केलेले आहेत. ओझ्याची जनावरे जाऊ शकतील ती घाटवाट. सातवाहनकालीन शिलालेख ज्याच्या गुहेत आहे तो नाणेघाट अशा व्यापारी वाटांपैकी एक. त्याच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही आहे. दोन डोंगरांच्या मधली अरुंद फट ती खिंड. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती याच अरुंदपणामुळे, कारण थोड्या माणसांना तिथे पुष्कळ माणसे अडवता आली. पावसाच्या पाण्याने कड्यात उभी कोरलेली, मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली घळ ती नाळ. रायगड-लिंगाण्याच्या अंगाची बोराट्याची नाळ ट्रेकर मंडळींच्या ओळखीची आहे. नाळेतून माणूस हातापायांनी उतरतो, जनावर नाही. आणि जिथे शिडीशिवाय पाऊल ठरत नाही, तिथे वाटेचे नावच निसणी. घाट, खिंड, नाळ, निसणी ही चार नावे सांगताना चारींचे आकार काढायला सांगितले तर मूल गडबडते. ‘इथून बैल जाईल का? तू जाशील का? हात मोकळे ठेवावे लागतील का?’ असे तीन प्रश्न विचारले तर चारी नावे चोख लागतात.

डोंगराच्या अंगाला असलेली नावे माणसाच्या आणि जनावराच्या अंगावरून आली आहेत : माथा, खांदा, कूस, पोट, पायथा, पुढे उतरत गेलेली सोंड. माथा आणि पायथा यांच्यामध्ये जिथे उतार थांबून थोडी सपाटी येते, तिला सह्याद्रीत पदर म्हणतात. हा शब्द इथल्या खडकाचा अचूक साक्षीदार आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थर टाकत पसरला आणि थंड झाला. कठीण थर कडा होऊन उभे राहिले, मऊ थर झिजून सपाटी झाली. म्हणून सह्याद्रीचा डोंगर कडा-पदर-कडा-माथा असा टप्प्याटप्प्याने चढतो. युरोपातल्या भूशास्त्रज्ञांनी या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हटले. त्यातला ट्रॅप हा स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला. म्हणजे त्यांनाही इथे पायऱ्याच दिसल्या.

पाणी धरणारे शब्दही असेच कामाचे. खोरे म्हणजे नदी आणि तिला मिळणाऱ्या सगळ्या ओढ्यांनी ओढून घेतलेला प्रदेश. आपण खोऱ्याने माती ओढतो त्याचीच आठवण व्हावी असा शब्द आहे, मग दोन्ही शब्दांचे मूळ काहीही असो. पुण्याच्या पश्चिमेच्या खोऱ्यांना मावळ म्हणतात, कारण सूर्य तिकडे मावळतो. शेतातली जमीन जिथे लवते, वाकते, आणि पावसाचे पाणी गोळा होते ते लवण. याचा मिठाशी काही संबंध नाही, तो लवणे या क्रियापदाचा आहे. असे शब्द मोल्सवर्थच्या कोशात पानोपानी सापडतात. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, पण जमिनीच्या शब्दांसाठी मला आजही तोच आधी उघडावासा वाटतो.

सह्याद्रीच्या माथ्यावर पाण्याची वाटणी होते. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरवर असते. तरी ती पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. माथ्याच्या अलीकडे पडलेला थेंब एका समुद्राचा, पलीकडे पडलेला दुसऱ्याचा. मुलाला हे सांगताना आवाज आपोआप हळू होतो.

एक शब्द, दोन मापे : खाडी

दोन्ही कुळांची गाठ जिथे पडते आणि जिथे सर्वांत जास्त घोटाळा होतो, तो शब्द खाडी. हिंदी बातम्यांत बंगालच्या खाडीत कमी दाबाचा पट्टा तयार होतो, आणि नोकरीसाठी लोक खाडीच्या देशांत जातात. मराठीत तोच बंगालचा उपसागर आहे आणि ते आखाती देश आहेत. शब्द एक, पण हिंदीत तो लाखो चौरस किलोमीटरच्या पाण्यावर लागतो, मराठीत होडीने पार करता येणाऱ्या पाण्यावर. दोन्ही भाषा ऐकत वाढणाऱ्या मुलाला हे वेगळे करून सांगितले नाही, तर दाभोळची खाडी आणि बंगालची ‘खाडी’ त्याच्या डोक्यात एकाच मापाची होऊन बसते.

मराठी खाडीचा निकष पाण्याची चव आणि चाल हा आहे. नदीचे पाणी खाली येते, समुद्राचे पाणी भरतीला वर चढते, आणि जिथवर ते वर चढते तिथवर खाडी. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री आपले नाव सोडून खाडीचे नाव घेतात. वाशिष्ठीत भरतीचे पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या आसपासपर्यंत पोचते; बंदर म्हणून गोवळकोटचा वापर त्याच जोरावर होत असे. नकाशावर रेघ सलग निळी असते. नदी कुठे संपली आणि खाडी कुठे सुरू झाली हे त्यावर दिसत नाही; ते होडीवाल्याला कळते, आणि त्याच्याही हिशेबात ती जागा दिवसातून दोनदा सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ती वर जाते, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला खाली येते.

त्रिभुज प्रदेशाचा धडा शिकवताना कोकणातल्या नद्यांचा प्रश्न हटकून निघतो : आमच्या नदीच्या मुखाशी त्रिकोण का नाही? नद्या आखूड आहेत, उतार तीव्र आहे, हे उत्तर अर्धे झाले. हिमयुगात सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १०० मीटरहून अधिक खाली होती. बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि नद्यांच्या दऱ्यांत शिरला. आपली खाडी ही समुद्राने भरलेली जुनी दरी आहे. भूरूप पाण्याखाली गेले आणि जलरूप झाले, म्हणून दरीची नागमोडी वळणे खाडीत जशीच्या तशी दिसतात.

वाशिष्ठीच्या बाबतीत माणसानेही हात लावला आहे. कोयनेचे पाणी वीज करून बोगद्यातून पोफळीला उतरते आणि वाशिष्ठीला मिळते. कृष्णेबरोबर पूर्वेला जायचे पाणी दाभोळच्या खाडीतून पश्चिमेच्या समुद्राला जाते.

केवढे म्हणजे डोंगर?

टेकाड, टेकडी, डोंगर, पर्वत हा चढता क्रम सगळ्यांना माहीत आहे. किती मीटरला टेकडीचा डोंगर होतो, हे मात्र नक्की सांगणारा जगभर मान्य असलेला आकडा नाही. पुण्याची वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर आहे आणि ती टेकडीच. पनवेलजवळचा कर्नाळा सुमारे ४४० मीटर, आणि त्याला कोणी टेकडी म्हणणार नाही. पुणेकर पायथ्यापासून मोजतो, आणि त्याचा पायथाच ५५० मीटरच्या वर आहे. कर्नाळ्याचा पायथा जवळजवळ समुद्राला टेकलेला. बोलीतली उंची नेहमी पायथ्यापासून असते, नकाशातली समुद्रापासून. १,६४६ मीटरचे कळसूबाई सांगताना दोन्ही आकडे द्यावेत : समुद्रापासून एवढे, आणि बारी गावातून तुला चढायचे ते एवढे.

साचलेल्या पाण्याला तर आकार फारसा विचारलाच जात नाही. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्केच्या आघाताने बेसॉल्टात झाले, त्यातले खारे पाणी हे सरोवर. महाराष्ट्रातल्या नैसर्गिक सरोवराचे ठळक उदाहरण तेच. बाकीचे बहुतेक साठे माणसाने केलेले आणि नावावरून करणाऱ्याची ओळख देणारे आहेत. किल्ल्यावर खडकात खोदलेले ते टाके, पायऱ्यांनी उतरायची ती बारव, पूर्व विदर्भातली भाताला पाणी देणारी छोटी ती बोडी, आणि मालगुजारांच्या काळातले ते माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलाव.

सडा आणि पोटखराबा

नाव चुकले तर काय बिघडते, असे कोणी विचारले तर मी रत्नागिरीचा सडा दाखवतो.

कोकणात डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या खडकाच्या उघड्या पठाराला सडा म्हणतात. उन्हाळ्यात तिथे उभे राहिले की चपलेतून चटका बसतो आणि नजर जाईल तिथवर काळपट कातळ. महसुली नोंदीत लागवडीला न येणारी जमीन पोटखराबा म्हणून लिहिली जाते, आणि कातळ त्याच सदरात जातो. शेतसारा ठरवण्यापुरता तो शब्द बरोबर आहे. शेतीला अयोग्य, एवढेच तो सांगतो. पण तोच शब्द जमिनीची ओळख म्हणून वापरला की ‘इथे काही नाही’ असा अर्थ निघतो.

जुलैत त्याच सड्यावर गुडघे टेकून बसावे. कातळातल्या बशीएवढ्या खळग्यात दोन बोटे पाणी साठलेले असते. त्याच्या काठाला बोटाच्या पेराएवढी, लालसर केसांवर चिकट थेंब घेतलेली दवबिंदू वनस्पती असते. कातळातून तिला पोषण पुरत नाही, म्हणून ती किडे धरून खाते. शेजारी सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले. आणखी थोडे पुढे, पाऊस सरल्यावर, कातळावर कोरलेली माणसे, मासे, हत्ती दिसतात. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांना २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत जागा मिळाली. सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पावसाचे पाणी खालच्या चिकण थरावर अडते आणि उतारावर झरा होऊन बाहेर येते. वाडीतल्या विहिरी त्यावर भरतात. सड्याखाली उतार, उतारावर वाडी, वाडीखाली मळा, मळ्याखाली बांध घालून खारे पाणी अडवलेले खाजण, आणि त्याच्यापलीकडे खाडी, अशी ही उतरंड आहे. गोव्यातल्या खाजणांच्या बांधांना मानस नावाची दारे असतात. भरतीला ती पाण्याच्याच दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडतात. या उतरंडीतले एकेक नाव पाण्याची एकेक पायरी सांगते. वरच्या पायरीला ‘खराबा’ म्हणून खोदून काढले तर खालच्या विहिरीचे काय होते, हे शेतसाऱ्याचा शब्द सांगू शकत नाही.

शिकवण्याचा क्रम, आणि एक न बसणारा शब्द

या सगळ्यावरून क्रम असा लागतो. आधी आपल्या गावच्या उतारावरून चालत माथ्यापासून पाण्यापर्यंत जायचे आणि वाटेत भेटेल त्याचे नाव गावातल्या माणसाला विचारायचे : गुराख्याला, पाणी भरणाऱ्या बाईला, मासे धरणाऱ्याला. मालवणकडे ओढ्याला व्हाळ म्हणतात, तर मुलाच्या वहीत व्हाळच लिहिला जावा आणि कंसात ओढा. मग परात आणि माती, जोड्यांची नावे. त्यानंतर नकाशा. नकाशावर दोन रंगांनी लिहावे : आकारावरून पडलेली नावे एका रंगात, कामावरून पडलेली दुसऱ्या रंगात. तिसरीला आपापल्या जिल्ह्याचा परिसर अभ्यास असतो. त्या वयाला हे सगळे झेपते. प्रत्येक नावाबरोबर एकच प्रश्न ठेवावा : हे नाव देणारा कुठे उभा होता आणि त्याला काय करायचे होते?

हे सगळे झाल्यावरही एक शब्द कुठल्याच रंगात धड बसत नाही, आणि तो मुद्दाम शेवटी ठेवावा.

भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी मागे पसरते त्याला तिथले लोक फुगवटा म्हणतात. भरल्या वर्षी इंदापूरकडच्या काठावर उभे राहिले तर समोर समुद्रच वाटतो आणि हिवाळ्यात त्यात फ्लेमिंगो उतरतात. पाणी ओसरू लागले की काठ रोज थोडा मागे सरकतो. पळसदेवचे पाण्यात गेलेले जुने देऊळ आधी शिखराने आणि मग खांबांनी वर येते. ओल्या गाळाच्या पट्ट्यावर ज्यांना ती जमीन वहिवाटीला मिळालेली असते ते शेतकरी उतरतात, पाय रुतत असतानाच बी टाकतात, आणि पाणी पुन्हा चढायच्या आत पीक काढून नेतात. या जमिनीला गाळपेर म्हणतात. नकाशात ती बारा महिने निळी आहे. परातीत तिला जागा नाही, कारण ती काही महिने जमीन असते आणि काही महिने पाणी. मुलांना तिथे उन्हाळ्यात एकदा आणि भाद्रपदात एकदा, एकाच जागी न्यावे. पहिल्या खेपेला ती भेगाळलेल्या गाळातून हरभऱ्याची वाळलेली धाटे उपटतात. दुसऱ्या खेपेला तीच मुले त्याच ठिकाणाकडे, पाण्यावर, बोट दाखवून म्हणतात : तिथे.